नोकराची चूक, भरपाई मालकाची

उदयपूरमध्ये 1952 साली कलेक्टरची सरकारी जीप दुरुस्तीनंतर कार्यशाळेतून परत येत होती. चालकाच्या बेफिकिरीने एक पादचारी धडक बसून दगावला. त्याच्या कुटुंबाला 15,000 रुपयांची भरपाई राजस्थान सरकारने द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ठरवले. सरकारची स्वतःची काही चूक नव्हती, पण गाडी आणि चालक त्याचे होते, फेरी त्याच्याच कामाची होती. ज्याच्या फायद्यासाठी काम चालते, त्या कामातली जोखीमही त्यानेच उचलावी, हे मला न्याय्य वाटते. जखमी माणसाने पगारदार चालकाच्या खिशातून किती वसूल करायचे?

मात्र चूक नोकरीच्या कामाच्या ओघात घडलेली असावी लागते. मालकाने मनाई केलेल्या पद्धतीने काम केले, तरी काम मालकाचेच असेल तर तो सहसा सुटत नाही.

1978 चा एक निकाल खातेदारांनी जरूर लक्षात ठेवावा. अलाहाबादच्या एका खातेदार महिलेच्या पतीने खात्यात भरण्यासाठी पैसे ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे दिले, पावती घेतली नाही. त्याने ते लाटले. तो बँकेचे काम करत नव्हता, खातेदाराचा माणूस म्हणून वागत होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले नाही. ओळख कितीही जुनी असो, रक्कम खिडकीवरच भरावी आणि शिक्क्याची पावती तिथेच घ्यावी.