लावणीनंतरची राखण

आमच्या तळ्याकडे ‘ऑपरेशन झाले, माणूस सुटला’ असे म्हणण्याची रीत आहे. मूळपेशी-रोपणाच्या बाबतीत मात्र हा समज घातक ठरतो. माझ्या चुलतभावाला रक्ताच्या कर्करोगासाठी हे रोपण करावे लागले. त्याच्या बहिणीच्या पेशी जुळल्या. तेव्हापासून कळलेली माहिती मी, कलाशाखेचा विद्यार्थी, कुवतीप्रमाणे येथे मांडत आहे.

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आज टाटाची ही सोय आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. प्रथम तीव्र औषधांनी, कधी किरणांनीही, रोगट मज्जा नष्ट करतात. मग दात्याच्या मूळपेशी रक्तासारख्या शिरेतून देतात. त्या हाडांच्या पोकळीत रुजून नवे रक्त तयार करतात.

परंतु लावणी झाली म्हणजे भात कणगीत आले, असे कोणता शेतकरी मानतो? दात्याच्या पेशी कधी रुग्णाच्याच शरीराला परके समजून त्यावर हल्ला करतात. कातडी घट्ट होते, डोळे व तोंड कोरडे पडते, यकृत व फुप्फुसे बिघडू शकतात. हा हल्ला आवरणारी औषधे प्रतिकारशक्तीही दडपतात. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. किरणोपचाराने थायरॉइड मंदावू शकते. अपत्यप्राप्तीतही अडचण येऊ शकते. लहानपणीच्या लसींचे संरक्षण ओसरते. म्हणून त्या पुन्हा घ्याव्या लागतात. गोवरासारखी जिवंत लस तर निदान दोन वर्षे देत नाहीत.

आमच्या घरी खरा वाद येथेच आहे. ‘रोग गेला, आता शेतात का येत नाही?’ असे काका विचारतात. पण कडक उन्हाने त्वचेचा विकार उसळतो आणि बुरसटलेल्या पेंढ्यातील बुरशी फुप्फुसात शिरते. पुढे त्वचेचा किंवा तोंडाचा दुसरा कर्करोग होण्याचा धोकाही असतो. त्यामुळे तंबाखू व मिश्री वर्ज्यच. ताप आला तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. तपासणी तर जन्मभराची.

वाचकहो, असा रुग्ण तोंडाला फडके बांधून दिसला तर त्याला हसू नये, टाळूही नये. त्याच्यापासून आपल्याला काही लागत नाही. उलट आपला साधा खोकला त्याला महागात पडतो. औषधाचा खर्च घरचे सोसतात. समजूतदारपणा मात्र गावाने द्यावयाचा असतो.