सीलबंद पुडीची साक्ष

18 जुलै 2023 ची पहाट. कोथरूडमध्ये गस्त घालणाऱ्या पोलिसांना मोटारसायकल चोरीच्या बेतात असलेले तिघे दिसले. एक निसटला, दोघे हाती लागले. वाहनचोरीचा म्हणून सुरू झालेला तपास पाहता पाहता भलत्याच वळणावर गेला. राजस्थानातील निंबाहेडा येथे मार्च 2022 मध्ये एका मोटारीत स्फोटके सापडली होती. त्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, या दोघांच्या शोधात होती आणि प्रत्येकी पाच लाखांचे बक्षीस जाहीर झाले होते. तपास आधी दहशतवादविरोधी पथकाकडे, म्हणजे एटीएसकडे, आणि मग एनआयएकडे गेला. जप्त मुद्देमालात रासायनिक पावडर, थर्मामीटर, ड्रॉपर असे साहित्य असल्याचे सांगण्यात आले. पुढे एनआयएने आरोप ठेवला, की हे लोक आपसात रसायनांची सांकेतिक नावे वापरत: सल्फ्युरिक आम्लाला ‘व्हिनेगर’, ॲसिटोनला ‘गुलाबजल’.

कोण दोषी, कोण निर्दोष, हे न्यायालय ठरवील. मला विचारात पाडतात ती ही सांकेतिक नावे. माणूस पदार्थाला हवे ते नाव देऊ शकतो. बाटलीवर गुलाबजल लिहिले, पोत्यावर मीठ लिहिले, तर पाहणाऱ्याचा डोळा फसतो. पण पदार्थाच्या आतला रेणू सतत कंप पावत असतो आणि तो कंप कोणाला बदलता येत नाही. हा कंप वाचण्याची विद्या म्हणजे अवरक्त वर्णपटमिती. ती गुन्ह्याच्या तपासात काय करते आणि तिचा निष्कर्ष न्यायालयात टिकायला आणखी काय लागते, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

टेकडीच्या आसपास

कोथरूडहून वेताळ टेकडी ओलांडली की पाषाण लागते. तिथे 1950 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. जवळच सुतारवाडीला संरक्षण खात्याची एचईएमआरएल ही स्फोटक पदार्थांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिचे मूळ 1908 मध्ये नैनितालला स्थापन झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळेत आहे. ती 1960 मध्ये पुण्यात आली. संशयित स्फोटक जागच्या जागी तपासण्याचा, रंग बदलून इशारा देणारा संच याच संस्थेने विकसित केला. आणि गणेशखिंडीत आहे प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. पोलीस ठाण्यातून लाखेचे सील लावलेली पाकिटे तिथे जातात. तिथून परत येतो तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. पोलीस, वकील, पत्रकार सगळे त्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. ‘सीए रिपोर्ट आला का?’ या एका प्रश्नावर महाराष्ट्रातले कितीतरी खटले अडून असतात.

तंबोऱ्याच्या तारा

रेणूतले अणू एकमेकांना घट्ट खिळलेले नसतात. त्यांच्यातला बंध स्प्रिंगसारखा ताणतो, आखडतो, वाकतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते, म्हणून संथ कंप पावते. बारीक, ताणलेली तार चढा स्वर देते. रेणूतही हाच नियम चालतो. अणू जड असला तर कंप संथ, बंध मजबूत असला तर कंप जलद. या कंपांचा वेग आणि अवरक्त किरणांची वारंवारता एकाच टापूत येतात. पदार्थावर अवरक्त किरण सोडले, की ज्या वारंवारता त्याच्या कंपांशी जुळतात तेवढ्याच तो शोषून घेतो आणि उरलेल्या पुढे जाऊ देतो. काय गेले आणि काय अडले, याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा वर्णपट.

आलेखाच्या आडव्या रेषेवर आकडे असतात 4000 ते 400. एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात, त्याची ही संख्या. 3300 च्या आसपास रुंद, गोलसर दरी दिसली तर पाणी, अल्कोहोल किंवा सुती धाग्याचे सेल्युलोज असू शकते. 1700 च्या आसपास खोल, टोकदार दरी म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध. गुलाबजल म्हणवले गेलेले ॲसिटोन इथेच ओळख देते. 2240 जवळची छोटी खूण ॲक्रिलिक धाग्याची असते. हे झाले सुटे बंध. 1500 च्या खाली सगळा रेणू मिळून डोलतो, तिथे आलेख गुंतागुंतीचा होतो. या भागाला जाणकार बोटांच्या ठशांचा प्रदेश म्हणतात. दोन पदार्थांचे बाकी सगळे सारखे असले तरी इथे ते सहसा वेगळे पडतात.

अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये लावला. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात त्यांनी थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वाधिक चढला. 1905 मध्ये विल्यम कॉब्लेंट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने अनेक पदार्थांचे वर्णपट नोंदवून प्रसिद्ध केले आणि प्रत्येक रासायनिक गट आपली खूण सोबत बाळगतो हे दाखवून दिले. 1960 च्या दशकाअखेर संगणकाची जोड मिळाली आणि सगळ्या वारंवारता एकदम मोजून गणिताने वेगळ्या करणारे यंत्र बाजारात आले. ते एफटीआयआर. पूर्वी वर्णपट नोंदवायला कितीतरी मिनिटे लागत, आता मिनिटभरात काम होते.

दमट हवा आणि हिऱ्याचा खडा

यंत्र जलद असले तरी हात जपून चालवावा लागतो. नमुना ठेवण्याआधी विश्लेषक मोकळ्या हवेचा वर्णपट घेतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे किरण शोषत नाहीत, पण बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. विश्लेषकाच्या श्वासाचीही खूण 2350 च्या आसपास उमटते. जुन्या पद्धतीत मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत अकीकाच्या खलात घोटतात आणि दाबयंत्राखाली त्याची काचेसारखी पारदर्शक चकती करतात. पुण्याच्या जुलैत ही भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते. मग आलेखात पाण्याची दरी उमटते आणि ती नमुन्याची आहे असा गैरसमज होऊ शकतो. म्हणून भुकटी कोरडी ठेवणे हे पावसाळ्यातले पहिले काम.

नव्या पद्धतीत छोट्या हिऱ्याच्या खड्यावर नमुना दाबून धरतात. किरण हिऱ्याच्या आतून परावर्तित होताना नमुन्यात जेमतेम मायक्रॉनभर शिरतो आणि तेवढ्यात वाचन होते. नमुना जळत नाही, विरघळत नाही, संपत नाही. तपासाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. एरवी एकदा तपासलेला कण कायमचा जाऊ शकतो. इथे तोच कण पुन्हा पाकिटात जातो आणि कोणी शंका घेतली तर पुन्हा तपासता येतो.

मिठाच्या पाकिटांआड

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या अमली पदार्थाचे मोठे जाळे उघडकीस आणले. सोमवार पेठेतल्या अटकेपासून धागा विश्रांतवाडीच्या गोदामापर्यंत, दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत आणि दिल्लीपर्यंत गेला. 1,700 किलोहून अधिक माल हाती लागला. पोलिसांनी सांगितलेली किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर होती. विश्रांतवाडीतला माल मिठाच्या पाकिटांआड दडवल्याचेही त्यांनी सांगितले.

मिठाआड पांढरी पावडर लपवणाऱ्याला डोळे फसवता येतात, पण अवरक्त किरणांसमोर मीठ हा सर्वांत कुचकामी आडोसा आहे. सोडियम क्लोराइड या टापूतले किरण शोषतच नाही. एके काळी या यंत्रांच्या खिडक्या मिठाच्याच स्फटिकातून कापत. मेफेड्रोनमध्ये मीठ मिसळले तर आलेखात मीठ गप्प राहते आणि मेफेड्रोन तेवढे बोलते.

मेफेड्रोन, बोलीतले ‘एमडी’, 2015 मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. पन्नास ग्रॅम ही त्याची व्यावसायिक मात्रा. तिच्या वर गेले की किमान दहा वर्षांची शिक्षा. एका माणसाची दहा वर्षे पावडरच्या ओळखीवर अवलंबून असताना ती ओळख ढोबळ असून चालत नाही. मेफेड्रोनच्या रेणूत एक मिथिल गट कड्याच्या चौथ्या जागी असतो. तोच तिसऱ्या जागी असला तर पदार्थ वेगळा होतो, पण वजन तेच राहते. नेहमीच्या वस्तुमान वर्णपटमापीला ही दोन भावंडे जवळजवळ सारखीच दिसतात. अवरक्त आलेखात ठशांच्या प्रदेशात ती वेगळी पडतात. म्हणूनच अमली पदार्थांच्या तपासणीचे आंतरराष्ट्रीय निकष या पद्धतीला सर्वाधिक भेद करणाऱ्या ‘अ’ वर्गात ठेवतात आणि रंग बदलणाऱ्या चाचण्यांना ‘क’ वर्गात. रंगाची चाचणी संशय पक्का करते. गुन्हा सिद्ध करायला ती पुरेशी नाही.

राखेतली आणि रंगातली खूण

13 फेब्रुवारी 2010 ची संध्याकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि 17 जणांचा जीव गेला. स्फोटात आरडीएक्स, अमोनियम नायट्रेट आणि खनिज तेल वापरल्याचा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या तपासणीतून पुढे आला. आरडीएक्समधल्या नायट्रो गटांच्या खुणा 1590 आणि 1270 च्या आसपास असतात. नायट्रेटची रुंद दरी 1380 जवळ पडते. पदार्थ मूठभर हाती आला तर एफटीआयआर तो चटकन ओळखते. स्फोटानंतरच्या राखेत मात्र त्याचा अंशच उरतो. मग तो द्रावणात काढून, वेगळा करून, इतर यंत्रांच्या जोडीने ओळखावा लागतो. या खटल्यात 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीची फाशी रद्द केली. कट आणि हत्येचे आरोप सिद्ध झाले नाहीत, स्फोटके बाळगल्याचा दोष मात्र कायम राहिला. पदार्थ काय आहे हे विज्ञान सांगते, कृत्य कोणाचे हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो. न्यायालयाने ही रेषा पाळली.

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोधही याच मार्गाने जातो. मोटारीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले थर असतात: गंजरोधक, त्यावर भराव, मग रंग आणि वरून चकाकीचा पारदर्शक थर. सगळे मिळून केसाच्या जाडीएवढे. जखमीच्या कपड्यावर अडकलेली खपली उभी कापून सूक्ष्मदर्शक जोडलेल्या एफटीआयआरखाली धरली, की प्रत्येक थराचे राळ-रसायन वेगळे वाचता येते. कॅनडाच्या पोलिसांनी अशा थरांचा संग्रहच उभा केला आहे. अमेरिकेत सिॲटल परिसरात अनेक स्त्रियांचे खून करणारा माणूस मालमोटारींच्या कारखान्यात रंगारी होता. वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या कपड्यांवर फवाऱ्याच्या रंगाचे डोळ्यांना न दिसणारे गोलक सापडले. त्यांचे रसायन त्याच्या कारखान्यातल्या रंगाशी जुळले. 2003 मध्ये त्याने 48 खुनांची कबुली दिली.

आलेखाची मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्याशिवाय तिची थोरवी सांगणे अप्रामाणिक ठरेल. मिश्रणात एखादा घटक काही टक्क्यांहून कमी असेल तर त्याची खूण बाकीच्यांत बुडून जाते. डावा आणि उजवा, अशी आरशातली रूपे तिला वेगळी करता येत नाहीत. नायलॉनचा धागा नायलॉनचा आहे हे ती ठामपणे सांगते. तो अमक्याच साडीचा आहे हे सांगत नाही. ‘जुळतो’ आणि ‘त्याचाच आहे’ यांतले अंतर वकिलांनी आणि वार्ताहरांनी कधीच पुसू नये.

सर्वांत मोठी मर्यादा यंत्राबाहेरची आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अमली पदार्थ तपासणाऱ्या एका सरकारी विश्लेषकाने नमुने न तपासताच अहवाल लिहिल्याचे 2012 मध्ये उघड झाले. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने 21 हजारांहून अधिक प्रकरणे रद्द केली. यंत्रे शाबूत होती, विश्वास तुटला होता.

आपल्याकडे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूफान सिंग खटल्यात ठरवले, की अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब कबुली म्हणून वापरता येणार नाही. त्यामुळे पदार्थाच्या ओळखीला आणि जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या पुराव्याच्या साखळीला अधिकच वजन आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले, ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली, आणि झडती-जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे केले. पुरावा आता अधिक प्रमाणात प्रयोगशाळेत येणार. त्या मानाने प्रशिक्षित विश्लेषक, यंत्रे आणि त्यांची देखभाल वाढली नाही, तर नव्या कायद्याचा भार जुन्याच खांद्यांवर पडेल आणि ‘सीए रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न तसाच राहील. प्रयोगशाळांचे बळ वाढवण्याची ही मागणी पोलिसांइतकीच आरोपींच्याही हिताची आहे. निरपराध माणसाची पावडर निव्वळ मीठ किंवा साखर असेल, तर त्याला तुरुंगातून बाहेर काढणारा कागदही हाच असतो.

आणि एक गोष्ट आपल्या हातात आहे. झडतीच्या वेळी पोलीस त्याच भागातल्या दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावतात. पुडी कुठे सापडली, तिचे वजन किती भरले, सील कोणासमोर लागले, हे पंच पाहतात आणि पंचनाम्यावर सही करतात. गणेशखिंडीतल्या आलेखाचा पाया ही सही असते. पण कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून आपण दार लावून घेतो. मग तेच ते पंच पुन्हा पुन्हा बोलावले जातात, साक्षीत डळमळतात आणि निर्दोष आलेख असूनही खटला कोसळतो. उद्या रात्री आपल्या सोसायटीच्या दारात पोलीस पंच म्हणून बोलवायला आले, तर जा. पुडी नीट पाहा, पंचनामा वाचा, जे पाहिले तेवढ्यावरच सही करा आणि बोलावणे येईल तेव्हा न्यायालयात जाऊन तेच सांगा.