तेहतीस हरले, सत्तावीस जिंकले

जून २०२२मध्ये राज्यसभेच्या सहा जागांसाठी महाराष्ट्रात सात उमेदवार उभे राहिले. १० तारखेला मतदान झाले, तक्रारींमुळे मोजणी रखडली आणि निकाल लागला तो मध्यरात्र उलटल्यावर. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. दिल्लीला गेले महाडिक. दोघेही कोल्हापूरचे, त्यामुळे तिकडच्या कट्ट्यांवर या निकालाचा कीस किती पडला असेल ते सांगायला नको.

राज्यघटनेच्या ८०व्या अनुच्छेदानुसार राज्यसभेवर आमदार प्रतिनिधी पाठवतात ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने. आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. मत एकच, पण पहिल्या उमेदवाराला त्याची पूर्ण गरज नसेल, तर उरलेला भाग दुसऱ्याकडे सरकतो.

गरज किती, हे ठरवतो कोटा. प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. त्या दिवशी २८५ आमदारांनी मतदान केले. त्यांपैकी शिवसेनेच्या सुहास कांदे यांचे मत निवडणूक आयोगाने बाद ठरवले, म्हणून वैध मते २८४ आणि एकूण किंमत २८,४००. तिला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे सातने भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा : ४,०५८. साध्या भाषेत ४०.५८ मते. एवढी मते सहाजणांनाच मिळू शकतात, सातव्याला नाही; कोट्याची सगळी खुबी यातच आहे.

भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते पडली. प्रत्येकाकडे कोट्याहून ७४२ किंमत जास्त. नियम असा की तळाचा उमेदवार बाद करण्याआधी विजयी उमेदवारांचे आधिक्य वाटायचे, आणि मोठे आधिक्य आधी. यात ४८ पैकी कुठल्या तरी सात मतपत्रिका उचलून पुढे देत नाहीत. सगळ्या ४८ पुन्हा पाहतात, फक्त प्रत्येकीची किंमत घटवून १५ धरतात. दुसऱ्या पसंतीला महाडिकांचे नाव होते. तळाशी असलेला माणूस बाद होण्याची पाळी येण्याआधीच कोटा ओलांडून गेला.

निकालानंतर वाहिन्यांवर शिवसेनेच्या आघाडीतल्या मित्रपक्षांना दोष दिला गेला : काँग्रेसने इम्रान प्रतापगढींना ४४ आणि राष्ट्रवादीने प्रफुल्ल पटेलांना ४३ मते देऊन का ठेवली? मला हा आरोप हिशेबात बसत नाही. शिवसेनेच्या संजय राऊतांची ४१ धरून तिघांचे आधिक्य ६.२६ मतांचे होते. ते सगळे पवारांच्या पदरात टाकले तरी ३९.२६ होतात. आणि तिघांना मोजून ४१-४१-४१ दिली असती, तर पवारांना पहिल्या पसंतीची ३८ मिळाली असती. कोटा तरीही लांबच.

खरा निकाल गटांच्या बेरजेत होता. आघाडीच्या चार उमेदवारांची मते १६१. चार जागांना हवी होती १६२.३२. भाजपच्या तिघांची १२३. हवी होती १२१.७४. भाजपचे स्वतःचे आमदार १०६, म्हणजे उरलेली सतरा बाहेरून आणली होती. डाव जिंकला तो तिथे. कांदेंचे मत वैध ठरले असते तर कोटाही वाढून ४०.७२ झाला असता, आणि आघाडी पाऊण मताहून जास्तच कमी पडली असती. तुरुंगात असलेल्या नवाब मलिक व अनिल देशमुख यांना न्यायालयाने मतदानाची परवानगी दिली नाही; तीही दोन मते आघाडीला मिळाली असती, तर मात्र कोटा ४१.०१ होऊन दोन्ही गटांचे शेवटचे उमेदवार त्याच्या जेमतेम खाली अडकले असते.

हे मतदान गुप्तही नव्हते : राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. हे बंधन २००३च्या कायदादुरुस्तीने आले. विधान परिषदेला आमदारांचे मतदान गुप्तच राहिले. दहाच दिवसांनी, २० जूनला, परिषदेच्या दहा जागांसाठी अकरा उमेदवार होते. काँग्रेसने पहिल्या पसंतीचे म्हणून ठरवलेले चंद्रकांत हंडोरे पडले आणि दुसऱ्या क्रमांकाचे भाई जगताप निवडून आले. त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे आपल्या समर्थक आमदारांसह सुरतेच्या वाटेला लागले.