प्रबंधाची भाषा कोणीं तपासावी ?

सुशिक्षित कुटुंबांतून पीएच्.डी.चा प्रबंध लिहिणारें एखादें माणूस असणें ही आतां पूर्वीसारखी अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. पुष्कळदां ती घरची सून किंवा लेक असते. दिवसा ती महाविद्यालयांत शिकविते, रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर प्रकरणें लिहिते, आणि चार-पांच वर्षांनीं तीनशें पानांचा गठ्ठा पुरा झाला म्हणजे मार्गदर्शक सांगतात कीं विषय उत्तम आहे, भाषा मात्र कोणाकडून तरी तपासून घ्या. हें 'कोणाकडून तरी' म्हणजे कोणाकडून, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, याचा खुलासा क्वचितच होतो. घरांतील वडीलधाऱ्यांनींहि या प्रश्नांत लक्ष घालावें. कारण यांत पैसा घरचा जातो, आणि प्रसंगीं पदवीहि धोक्यांत येते.

दुसऱ्याच्या हातून भाषा सुधारून घेणें हीच मुळीं लबाडी, असें मानणारे लोक आहेत. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पण छापील पुस्तकामागें संपादक आणि मुद्रितशोधक असतातच, हें ते विसरतात. अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठांत तर अशा कामासाठीं एक स्वतंत्र जागाच होती. श्रीमती केट टुराबियन या १९३० पासून १९५८ पर्यंत तेथें प्रबंध-सचिव होत्या. टिपा कशा द्याव्या, समास किती सोडावा, संदर्भांची यादी कशी लावावी, हें सारें त्या डोळ्यांत तेल घालून पाहात. त्यांनीं १९३७ सालीं तयार केलेली लहानशी नियमपुस्तिका पुढें वाढत वाढत एक ग्रंथच झाली, व तो अजूनहि विद्यार्थ्यांच्या हातीं असतो. विशेष हें कीं, आजारपणामुळें या बाईंना स्वतः महाविद्यालयांत जातां आलें नव्हतें.

असा सचिव जेथें नाहीं, तेथें हें काम बाहेरच्या माणसाकडे जातें. कोणाची नोकरी न करतां, शब्दांवर किंवा पानांवर मोबदला घेऊन भाषा तपासून देणारे संपादक आतां शहरोशहरीं आढळतात. मराठी माध्यमांतून शिकून इंग्रजींत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचीं निरीक्षणें चोख असतात, पण इंग्रजी उपपदें आणि क्रियापदांचे काळ तिला छळतात. या चुका तिनें काढून घेतल्या म्हणून तिचें संशोधन तिळभरहि उणें होत नाहीं.

खरी अडचण पुढेंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें प्रबंध सादर करणाऱ्या प्रत्येकास लेखी हमी द्यावी लागते कीं, हें लेखन आपण स्वतः केलेलें असून मूळचें आहे. दुसऱ्याच्या लिखाणाशीं जुळणारा मजकूर १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाहीं. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर ६ महिन्यांच्या आंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ६० पर्यंत गेल्यास सुधारलेला प्रबंधहि १ वर्ष देतां येत नाहीं. आणि त्याच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. हे आंकडे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. परंतु यंत्र मोजतें तें केवळ शब्दांचें साम्य. हमीपत्रांतला प्रश्न लेखन कोणाचें हा आहे. पैसे घेऊन दुसऱ्यानें नव्यानें लिहून दिलेलें प्रकरण यंत्राला निर्दोष दिसेल, आणि तरीहि खालची सही खोटी ठरेल. 'प्रबंध लिहून मिळेल', 'टक्के कमी करून मिळतील', अशा जाहिरातींचा धंदा नेमका याच फटींतून चालतो. असल्या माणसाच्या दारीं जाऊं नये हें तर उघडच आहे. पण प्रामाणिक संपादकाच्या हातूनहि मर्यादा सुटूं शकते, आणि ती कशी सुटते हें नीट समजून घेण्यासारखें आहे.

समजा, बचतगटांवरील एका प्रबंधांत असें वाक्य आहे : 'आई गटाची सभासद असणें आणि मुलीची शाळेंतील हजेरी यांच्यांत संबंध असल्याचें आढळून आलेलें दिसून येतें.' वाक्य बोजड आहे. संपादकानें शेवटचे चार शब्द काढून तेथें 'आढळलें' एवढेंच ठेविलें, तर तें त्याचें कामच झालें. परंतु वाक्याला जोर यावा म्हणून त्यानें 'गटामुळें मुलींची हजेरी वाढली' असें केलें, तर भाषा सुधारली आणि प्रबंध बिघडला ! दोन गोष्टी बरोबर आढळणें निराळें, आणि एकीमुळें दुसरी घडणें निराळें. पहिली गोष्ट विद्यार्थिनीनें तक्त्यांनीं दाखविली आहे. दुसरी कोणींच दाखविलेली नाहीं. मौखिक परीक्षेंत बाहेरचे परीक्षक त्याच ओळीवर बोट ठेवून 'हें कशावरून ?' असें विचारतील, आणि ती ओळ लिहिणारा संपादक त्या खोलींत नसेल.

आतां दुसरें वाक्य घ्या : 'बहुतेक स्त्रियांनीं कर्ज वेळेवर फेडलें.' आणि शेजारच्या तक्त्यांत ४० पैकीं १९. चांगला संपादक हें वाक्य परस्पर बदलीत नाहीं, तसेंच सोडूनहि देत नाहीं. समासांत लिहितो, '१९ म्हणजे बहुतेक कसे? तक्ता पाहावा.' मग तक्ता चुकला कीं वाक्य, हें विद्यार्थिनीनें आपल्या टिपणवह्यांतून शोधावयाचें. संपादकाची पारख आम्ही तरी या समासांतल्या प्रश्नांवरून करूं.

ऑस्ट्रेलियांतील व्यावसायिक संपादकांच्या संस्थेनें प्रबंधांसाठीं जीं सूत्रें घालून दिलीं आहेत, त्यांतहि हीच रेघ आहे. भाषा, सुसंगति व मुद्रितशोधन एवढें संपादकाचें. आशय आणि मांडणी विद्यार्थ्याची व त्याच्या मार्गदर्शकाची. आपलीं मुलें परदेशीं शिकत असतील तर त्यांनीं आपल्या विद्यापीठाचा नियम आधीं वाचावा, कारण या बाबतींत सर्वत्र एकच नियम नाहीं. येथें असणाऱ्यांनीं निदान मार्गदर्शकांची लेखी संमति घेतल्यावांचून प्रबंध कोणाच्या हातीं देऊं नये.

पैसे वांचविण्यासाठीं हें काम घरांतच करून घ्यावें, असा विचार सहज मनांत येतो. एखादे निवृत्त हेडमास्तर काका घरांत असतातच आणि त्यांचें इंग्रजीहि पल्लेदार असतें. ते सूनबाईचीं आटोपशीर वाक्यें मोठ्या हौसेनें लांबवितात, आणि 'काका, हा बदल नको' असें म्हणण्याची तिला सोय नसते. परक्या माणसास पैसे देण्यांत एक स्वातंत्र्य आहे : त्याची दुरुस्ती नाकारतां येते. काकांनीं त्यापेक्षां संध्याकाळीं दोन तास नातवंडें सांभाळावीं. प्रबंधास तें अधिक उपकारक होईल.

माणूस ठरविण्यापूर्वीं सर्वांत अवघड प्रकरणांतील पांच पानें त्याला द्यावीं, व त्यांचे पैसेहि द्यावे. पानें परत आलीं म्हणजे त्यानें काय बदललें आणि काय विचारलें, तें पाहावें. केलेला प्रत्येक बदल वेगळ्या रंगांत दिसावा अशी सोय संगणकावर असते. ती वापरण्यास जो तयार नाहीं त्याला नमस्कार करावा. शब्दसंख्या, दर, तारखा, किती वेळां वाचणार आणि संदर्भांची यादी कोण तपासणार, हें कागदावर असावें. वेळेचा हिशेब आपणहि करूं शकतों. ८०,००० शब्दांचा प्रबंध ताशीं हजार शब्दांच्या वेगानें वाचला तर ८० तास होतात. रोज पांच तास धरले तरी १६ दिवस, आणि हें एकाच वाचनाचें. तीन दिवसांत देतों म्हणणारा माणूस बहुधा तो यंत्रांतूनच काढील. तें काम विद्यार्थिनीला स्वतःलाहि फुकट करतां येतें, आणि हमीपत्राचा प्रश्न तेव्हांहि तोच राहतो. आणखी एक. मार्गदर्शकांनीं शेवटचा हात फिरविण्यापूर्वीं प्रबंध संपादकाकडे दिला, तर त्याच प्रकरणाचे पैसे दोनदां मोजावे लागतात.

प्रबंध मराठींत असेल, तर शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्यें भर पडलेले ४, असे १८ नियम ज्याच्या हाडींमाशीं खिळले आहेत असा मनुष्य शोधावा. जुन्या अनुस्वारांवांचून ज्यांची लेखणी चालत नाहीं अशा आमच्यासारख्यांकडे तो मुळींच देऊं नये.

संपादकाचें नांव व त्यानें केलेलें काम ऋणनिर्देशांत एका वाक्यांत यावें. यांत कित्येकांस कमीपणा वाटतो. ब्रूस होल्सिंगर या अमेरिकन प्राध्यापकांनीं २०१७ सालीं जुन्या विद्वत्तापूर्ण ग्रंथांतील ऋणनिर्देश वेंचून लोकांपुढें मांडले, तेव्हां नवऱ्याचें हस्तलिखित टंकून दिल्याबद्दल 'माझ्या पत्नीचे' आभार त्यांत वारंवार आढळले. त्या पत्नीचें नांव मात्र दिलेलें नसे. आज प्रबंध पदवीनंतर 'शोधगंगा' या संग्रहांत जातो व कोणालाहि घरबसल्या वाचतां येतो. तेव्हां कोणाचा हात कोठें लागला हें तेथेंच लिहिलेलें बरें. बदलांच्या खुणा असलेली मूळ प्रत मौखिक परीक्षा होईपर्यंत जपून ठेवावी. मार्गदर्शकांनीं किंवा परीक्षकांनीं विचारलें, तर तीच पुढें ठेवितां येते.