राशीतला एक वाटा शाळेचा



धानाची मळणी आटोपली, खळ्यावर रास पडली, की आपण तिचे वाटे मनात मांडू लागतो. इतके वर्षाच्या खाण्याला, इतके बियाण्याला, इतके विकून सोसायटीचे कर्ज भागवायला. मजुरांचे देणे असते, पाहुणेरावळे असतात, घरात लग्नकार्य असते. पाखरांसाठीसुद्धा चार लोंब्या दाराला टांगतो. या सगळ्या वाट्यांत गावातल्या पोरांच्या शिक्षणाचा वाटा कुठे आहे, हे जरा आठवून पाहा.

"शाळा सरकारची आहे, मग आपण काय द्यायचे?" असे कोणी म्हणेल. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे, हे खरे. पण पोर शाळेतून गळते ते फीपायीच असे नाही. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत जाते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली पोरगी घरी राहते. मोहफुलाच्या आणि तेंदूपानाच्या हंगामात पोरे आईबापांबरोबर जंगलात जातात. पुढची शाळा दूरच्या गावी असते. पंधरा दिवस बुडाले की धडा कळत नाही, धडा कळला नाही की लाज वाटते, आणि लाज वाटली की पोर शाळेची वाटच सोडते. ही गळती गावानेच थांबवायची असते.

मुठीने उभी राहिलेली संस्था

हे कसे करावे, याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात घालून दिलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली सातारला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची गरीब पोरे एकत्र राहत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

पण इतक्या पोरांना जेवू काय घालायचे? भाऊरावांपाशी पैसा नव्हता आणि खेड्यातल्या माणसापाशीही रोकड नव्हती. घरात होते ते धान्य. म्हणून भाऊरावांनी मुष्टिफंड काढला. घरच्या बाईने रोज एक मूठ धान्य या पोरांसाठी बाजूला काढायचे आणि साठले की द्यायचे. कोणालाही जड न जाणारी ही देणगी होती, आणि तिच्यावर कितीतरी पोरांची चूल पेटली.

या कामात लक्ष्मीबाईंचा वाटा फार मोठा आहे. भाऊरावांच्या या पत्नीने वसतिगृहातल्या पोरांना पोटच्या लेकरांसारखे वाढवले. कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. आज रयत शिक्षण संस्था महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. तिच्या पायात एका बाईचे सोने आणि हजारो बायांच्या मुठी आहेत.

आपल्या गोंदियाचे उदाहरण

दूर कशाला जायचे? आपल्या गोंदियातही असा माणूस होऊन गेला. मनोहरभाई पटेल हे बिडीच्या धंद्यातले. स्वतःला फारसे शालेय शिक्षण मिळाले नव्हते, पण आपली जी अडचण झाली ती पुढच्या पोरांची होऊ नये, ही तळमळ होती. त्यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. त्या वेळी आपला भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. मनोहरभाई १९७० साली वारले, पण ९ फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीदिनी गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याची प्रथा गोंदियात पडली.

मनोहरभाईंसारखा धनवान माणूस प्रत्येक गावात नसतो. मूठ मात्र प्रत्येक घरात असते.

आफ्रिकेतली हाक

ही युक्ती आपल्यालाच सुचली असे नाही. आफ्रिकेतला केनिया देश १९६३ साली स्वतंत्र झाला. तिथले नेते जोमो केन्याटा यांनी लोकांना 'हरांबे' अशी हाक दिली. स्वाहिली भाषेतल्या या शब्दाचा अर्थ 'चला, सारे मिळून ओढू या'. सरकारी शाळा पुरत नव्हत्या, म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढली, अंगमेहनत केली आणि ठिकठिकाणी माध्यमिक शाळा उभ्या केल्या.

त्यात एक उणीव मात्र राहिली. इमारती उठल्या, पण पुष्कळ शाळांना शिकलेले शिक्षक मिळाले नाहीत. आपण त्यातून घ्यायचा बोध असा, की भिंती रंगवणे आणि कमान उभारणे यातच पैसा घालवू नये. आधी पोराकडे पाहावे.

गावाने काय करावे?

हिशेब सोपा आहे. एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम तांदूळ बसतो. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला दीड किलो. शंभर घरांनी दिले तर महिन्याला दीड क्विंटल आणि वर्षाला सुमारे अठरा क्विंटल! ज्याला रोजचे जमत नसेल त्याने मळणीच्या वेळी पायलीभर धान द्यावे. मंडईच्या दिवसांत गावात नाटक होते. एका प्रयोगाची शिल्लक पोरांसाठी राखावी. ज्याच्याकडे दाणाही नाही त्याने वेळ द्यावा. ते दानही कमी नाही.

या कामाला पाच गोष्टी सांभाळा.

१. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. तिला विचारात घेऊन काम करा. धान्याची किल्ली बायांच्या हाती द्या. मूठ त्यांचीच आहे.

२. धान्य चांगले वाळवून कोरड्या जागी ठेवा. ओलसर धान्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. वेळेवर विकून पैसा बँकेत दोघांच्या सहीच्या खात्यात टाका.

३. जमाखर्च वहीत लिहा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. हिशेब उघडा असला की वर्गणी आपोआप येते.

४. रोवणीच्या महिन्यात गावातल्या दोन-तीन आज्यांनी मिळून लहानग्यांना सांभाळावे, म्हणजे थोरल्या पोरी शाळेत जातील. बुडालेला अभ्यास कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी संध्याकाळी दोन तास बसून भरून काढावा.

५. ज्या पोराला मदत केली त्याचे नाव माईकवर पुकारू नका. वही, चप्पल, सायकल जे द्यायचे ते मुकाट्याने द्या. मदतीने पोराची मान खाली जाऊ नये.

आपल्या भागातले जुने तलाव पाहा. कोण्या एका ओहोळाने ते भरत नाहीत. चहूकडून पाणी येते, पाळ ते अडवून धरते आणि मग खालच्या सगळ्या बांधी भिजतात. गावच्या शिक्षणाचेही तसेच आहे. पाणी घराघरात आहे, पाळ तेवढी बांधायची आहे.

तेव्हा भगिनींनो, उद्या सकाळी भातासाठी तांदूळ काढाल, तेव्हा एक मूठ वेगळ्या डब्यात टाका. आणि बंधूंनो, त्या डब्याचे पुढे काय करायचे, ते चार शेजाऱ्यांना बोलावून याच आठवड्यात ठरवा.