मजूर मिळत नाहीत, पण कोणत्या दरात?

डहाणूच्या चिकूवाड्यांमध्ये, बोर्डी-घोलवडला शनिवार-रविवार काढायला आलेल्या पाहुण्यांच्या गप्पांत, तालुक्याच्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "रोजगार हमीने या लोकांना आळशी करून ठेवलंय, कामाला माणूस मिळत नाही." त्याला लागूनच दुसरं येतं : "मजुरी आणखी वाढवा, म्हणजे उरलंसुरलं कामही बंद पडेल." बोलणारा बहुतेकदा शिकलेला असतो आणि अर्थशास्त्राने हे केव्हाच सिद्ध केलंय अशा थाटात बोलतो. वैताग येतो तो या थाटाचा. अर्थशास्त्रात या प्रश्नावर गेली तीस वर्षं कडाक्याचा वाद चालू आहे आणि पुरावा या शिकलेल्या मंडळींच्या बाजूने फारसा झुकलेला नाही.

आधी आळसाचं पाहू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हमी एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची. माणशी नव्हे, कुटुंबाला. सगळे शंभर दिवस मिळाले तरी ३१,२०० रुपये होत, आणि ते मिळत नसत. देशभराची सरासरी पन्नास दिवसांच्या आसपास घुटमळत असे. म्हणजे हातात साधारण साडेपंधरा हजार, तेही वर्षाचे. एवढ्यावर घरी बसून ऐष करणारं कुटुंब कुणाला तलासरीत भेटलं असेल, तर त्याचं घरखर्चाचं गणित अर्थमंत्र्यांना दाखवायला हवं.

प्रत्यक्षात काय दिसतं? दिवाळी झाली की डोंगरपट्टीतली कुटुंबंच्या कुटुंबं जगायला बाहेर पडतात. कुणी उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कुणी मुंबईकडच्या बांधकामांवर. तलासरीची पोरं रोज हद्द ओलांडून उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. कित्येक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात, आणि सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडलेले आहेत. कामाचा आळस असलेली माणसं इतक्या लांब जात नाहीत. ती जातात, कारण तिथे वाडीपेक्षा चार पैसे जास्त मिळतात. तेव्हा 'मजूर मिळत नाही' हे वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं : जुन्या दरात मजूर मिळत नाही. चिकूला चढा भाव आला की 'चिकू मिळत नाहीत' असं व्यापारी म्हणत नाही, भाव वाढला असं म्हणतो. श्रमाच्या बाबतीतच आपली भाषा बदलते.

आता दुसरं विधान. वस्तू महाग झाली की खप कमी होतो, तशी मजुरी वाढली की मालक माणसं कमी घेतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम आहे आणि तो खोटा नाही. पण त्याला एक अट आहे : मजुरापुढे अनेक मालक असले पाहिजेत आणि त्यांनी एकमेकांशी स्पर्धा केली पाहिजे. जिथे काम देणारा एकच, किंवा चार जण आहेत पण एकमेकांना विचारून दर ठरवतात, तिथे मजुराच्या कामातून जेवढं उत्पन्न निघतं त्यापेक्षा मजुरी बरीच खाली दाबली जाते. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ सालीच हे मांडलं होतं. अशा ठिकाणी कायद्याने किंवा संपाने दर वाढला तर काम कमी होईलच असं नाही, उलट वाढूही शकतं. आधी त्या दरात न येणारे लोक यायला लागतात.

आणि याचं उदाहरण शोधायला डहाणू-तलासरीकरांनी अमेरिकेकडे कशाला पाहायचं? १९४५ पर्यंत इथे वेठ होती आणि लग्नगडी होते : लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही त्याच्याकडे राबत. झरी गावी भरलेल्या आदिवासींच्या परिषदेने मे १९४५ मध्ये वेठ नाकारली. त्याच पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा किसान सभेने, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मागितले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. पुढच्या वर्षी जंगलकामाचा महिनाभर संप झाला आणि लाकूड व्यापाऱ्यांना दिवसाला सव्वा रुपया किमान मजुरी कबूल करावी लागली. किमान वेतनाचा देशव्यापी कायदा १९४८ चा होता, म्हणजे त्यानंतरचा. या दरवाढीने ना गवत कापायचं थांबलं, ना लाकूड तोडायचं. थांबली ती वेठ.

ज्यांना इतिहास पुरत नाही त्यांच्यासाठी आकडे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून चारशेवर फास्टफूड उपाहारगृहं तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं आढळलं नाही. १९९४ च्या या निबंधावर रणकंदन झालं, आजही होतं. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. ते अमेरिकेचं झालं म्हणत असाल, तर आंध्र प्रदेश घ्या. तिथे रोजगार हमीचे पैसे स्मार्टकार्डाने नीट पोहोचायला लागले, तेव्हा मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर यांनी त्याचा अभ्यास केला. गरीब कुटुंबांचं उत्पन्न सुमारे १४ टक्के वाढलं, आणि गंमत म्हणजे त्यातली बहुतेक वाढ योजनेच्या पैशांतून नव्हती. योजनेबाहेरच्या कामाची मजुरी वाढली, आणि ते कामही घटलं नाही. सरकारी कामाचा पर्याय आहे एवढं मालकाला कळलं, तरी त्याला दराचा पुन्हा विचार करावा लागतो.

हा गैरसमज चहाच्या टपरीपुरता राहिला असता तर त्यावर एवढी शाई खर्चण्याचं कारण नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूदही केली. शेतीला मजूर मिळावेत म्हणून! म्हणजे मजुराची दर मागण्याची ताकद ज्या हंगामात सर्वांत जास्त, नेमका त्याच हंगामात त्याचा दुसरा पर्याय काढून घ्यायचा. आणि ज्याला स्वतःची जेमतेम एकरभर वरकस जमीन आहे, त्याने त्या साठ दिवसांत काय करायचं?

एक मात्र खरं. दोन-तीन एकरांचा चिकू बागायतदार या ओढाताणीत भरडला जातो. चिकूचा भाव तो ठरवत नाही, दूरच्या बाजारातले व्यापारी ठरवतात. मजुरी मात्र त्याच्या खिशातून जाते. त्याची तक्रार खोटी नाही. पण तिचा पत्ता चुकलेला आहे : त्याचा माल घेणारेही थोडेच असतात, तोही मजुरासारखाच दाबला जातो.

बाकीचे समज थोडक्यात. 'किमान वेतन कितीही वाढवलं तरी काही बिघडत नाही' : बिघडतं, कार्ड-क्रूगर यांनी माफक वाढ तपासली होती, कितीही नव्हे.

'लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये आले आणि बायका कामाला येईनाशा झाल्या' : मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपाइन्स यांच्यासह सहा देशांतल्या रोख मदतीच्या प्रयोगांचा अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एकत्र आढावा घेतला, लोक काम सोडतात याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही.

'रोजगार हमी ही दिल्लीची खैरात' : ती १९७०च्या दशकात महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, स्वतःच्या पैशाने सुरू केली, आणि त्यासाठीच १९७५ पासून पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जातो. पगारपत्रक काढून बघा.

'वाढवण बंदर झालं की इथल्या बारा लाख पोरांना नोकऱ्या' : ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये मंजुरी देताना सरकारने बारा लाख हा आकडा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष रोजगार मिळून दिलेला आहे. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या, तान्ह्या बाळांसकट, साडेपाच लाखांच्या आसपास भरते. इथल्या वाट्याला त्यातल्या किती, कोणत्या कामाच्या आणि किती शिक्षणाच्या अटीवर, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचं काहीच करता येत नाही.