चिलटाचा डोळा
इंदापूर-बारामतीच्या पेरूबागांत मिथाइल युजेनॉलचे सापळे लटकतात, ते फळमाशीच्या नरांसाठी. प्रयोगशाळेतली ‘फळमाशी’, ड्रॉसोफिला, वेगळ्या कुळातली: अतिपिकल्या केळ्यांवर घोंघावणारं चिमुकलं चिलट. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये एल. एस. शशिधर यांनी तिचे पंख कसे घडतात ते अभ्यासलं. मला मात्र तिचा डोळा अधिक विलक्षण वाटतो.

त्यात सुमारे ८०० नेत्रिका, प्रत्येकीत ८ प्रकाशग्राही पेशी. अळीच्या अंगातच या डोळ्याची चपटी चकती असते. तिच्यावरून एक खाच मागून पुढे सरकते आणि खाचेमागे पेशी रांगेत लागत जातात, लावणीनंतरच्या भाताच्या ओळींसारख्या. प्रत्येक पेशीत जनुकं तीच. कुठलं कधी चालू, कधी बंद, यावरून डोळा होणार की पाय, हे ठरतं.

‘आयलेस’ जनुक बिघडलं तर डोळा खुरटतो. १९९५ मध्ये बाझेलच्या वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने ते पायांत, पंखांत चालू केलं. तिथेही डोळे उगवले! उंदराचं तत्सम जनुक, पॅक्स-६, वापरलं तरी डोळे आले माशीचेच. माणसात याच पॅक्स-६ मध्ये दोष असला, तर बाळ डोळ्यातल्या रंगीत पडद्याविनाही जन्मतं.